स्लग, पॅकर की पंप चाचणी? खाण उघडण्याआधी भूजलाचा अभ्यास कसा निवडावा

खाणीचा आराखडा करताना भूजलाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. रोज किती पाणी येईल आणि ते उपसायला किती पंप लागतील, हा एक. खाणीच्या भिंतीमागच्या खडकात पाण्याचा दाब किती राहील आणि भिंत तो पेलेल का, हा दुसरा. एकच चाचणी दोन्हींची उत्तरं देत नाही, आणि पैसे मात्र बहुतेक वेळा एकाच चाचणीपुरते मंजूर झालेले असतात. म्हणून आपला प्रश्न कोणता, ते आधी ठरवा.

स्लग चाचणी सगळ्यांत स्वस्त. बोअरमध्ये भरीव दांडा एकदम सोडायचा किंवा बाहेर काढायचा आणि पाणीपातळी मूळ जागी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चांगल्या पाझरणाऱ्या खडकात एका दिवसात बऱ्याच बोअर उरकतात. पण उत्तर मिळतं ते बोअरभोवतीच्या फार तर काही मीटरचं, आणि बोअर नीट धुतली नसेल तर ड्रिलिंगच्या चिखलाचंच. कुठला भाग जास्त पाझरतो आणि कुठला कमी, याचा कच्चा नकाशा करायला ती ठीक आहे. तिच्या भरवशावर पंपांची खरेदी करू नये.

पॅकर चाचणीला वेगळी बोअर लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. खनिजासाठी कोअर बोअर (खडकाचा अखंड नमुना काढणारी) पाडणं चालूच असतं आणि ड्रिलिंगची रिगही जागेवर असते. रॉड थोडे वर ओढायचे, त्यांतून पॅकर, म्हणजे फुगवता येणारा रबरी बूच, खाली सोडायचा, नायट्रोजनने फुगवून बोअर तिथे बंद करायची आणि खालच्या ठरावीक लांबीत दाबाने पाणी घालायचं. १० बार दाबाला मिनिटाला दर मीटरमागे १ लिटर पाणी गेलं, तर ते १ ल्यूजाँ. स्विस भूवैज्ञानिक मॉरिस ल्यूजाँ यांनी १९३३ मध्ये धरणांच्या पायासाठी हे माप मांडलं.

दाब पाच टप्प्यांत देतात, तीन चढते आणि दोन उतरते. अंतिम आकड्यापेक्षा या टप्प्यांतला फरक जास्त बोलका असतो. सर्वांत मोठ्या दाबाला पाणी प्रमाणाबाहेर गेलं आणि दाब उतरवल्यावर पूर्ववत झालं, तर भेगा दाबाने उघडत होत्या. तिथे कमी दाबाचा आकडा घ्या. उतरताना त्याच दाबाला चढतानापेक्षा जास्त पाणी गेलं, तर भेगांतली माती धुऊन निघाली. तिथे शेवटचा, मोठा आकडा धरा. आणि चाचणी चालू असताना पॅकरच्या वरची पाणीपातळी चढू लागली, तर पाणी पॅकरला वळसा घालून वर येतंय. ती नोंद सरळ बाद करा.

तरीही, खाणीत येणाऱ्या पाण्याचा अंदाज करायचा असेल तर पंप चाचणीला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भेगाळ खडकात बहुतेक पाणी मोजक्या मोठ्या भेगांतून येतं, आणि काही मीटरची चाचणी नेमकी त्या भेगेच्या शेजारून निघून जाऊ शकते. एका विहिरीतून ठरावीक दराने २४ ते ७२ तास, शक्य असेल तर त्याहून जास्त, उपसा केला आणि वेगवेगळ्या अंतरांवरच्या निरीक्षण विहिरींत पातळी मोजली, की मोठ्या क्षेत्रातला खडक एकत्र तपासला जातो. शिवाय साठवण गुणांक मिळतो, म्हणजे पातळी खाली गेल्यावर खडक किती पाणी सोडतो त्याचं माप. तो स्लग किंवा पॅकर चाचणीतून भरवशाने मिळत नाही. सुरुवातीला खाणीत येणारं पाणी मुख्यतः खडकातल्या साठ्याचं असतं, पुढे ते पुनर्भरणावर येऊन ठरतं. साठवण कळली नाही, तर उपसा खोदाईच्या किती महिने आधी सुरू करायचा ते सांगता येत नाही.

पंप चाचणीचा आलेख काढताना घट, म्हणजे पाणीपातळी किती खाली गेली ते, एका बाजूला आणि वेळ लॉग मापावर घेतला, की साध्या जलधरात (पाणी धरणाऱ्या थरात) सुरुवातीच्या थोड्या काळानंतर सरळ रेष मिळते. पुढे तिचा उतार दुप्पट झाला, तर घटीचा परिणाम एखाद्या अडसरापर्यंत पोचलाय: डाइक (खडकात घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) किंवा चिकणमातीने बंद झालेला फॉल्ट (खडक सरकून पडलेली भेग). रेष सपाट झाली तर कुठूनतरी भर पडतेय: नदी, तलाव किंवा वरचा थर. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी उपसलेलं पाणी कुठे सोडलं होतं ते पाहा. विहिरीजवळच्या चरात सोडलेलं पाणी मुरून परत येतं आणि आलेखात नसलेली नदी दिसते.

डाइकचा अडसर किती महत्त्वाचा, हे दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्ट ड्रिफोंटेन या सोन्याच्या खाणीने ऑक्टोबर १९६८ मध्ये दाखवलं. तिथल्या डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकात उभ्या डाइकांमुळे पाण्याचे वेगवेगळे कप्पे झालेले आहेत. खाणीत लोंढा घुसला तो न उपसलेल्या कप्प्यातून. म्हणून नकाशावर डाइक किंवा मोठा फॉल्ट दिसत असेल, तर निरीक्षण विहिरी त्याच्या दोन्ही बाजूंना हव्यात.

घट्ट खडकात मात्र माझा कौल उलटा. तिथे पंप चाचणीची विहीर थोड्याच वेळात कोरडी पडते. भिंतीवरही पाणी दिसत नाही, कारण पाझरताच ते वाळून जातं. कोरडी दिसणारी भिंत दाबमुक्त असेलच असं नाही, आणि भिंत घसरते ती आतल्या दाबामुळे. अशा ठिकाणी पैसे पॅकर चाचण्या आणि व्हायब्रेटिंग वायर पिझोमीटर (ताणलेल्या तारेच्या कंपनावरून पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं) यांच्यावर खर्च करावेत. एकाच बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलींवर ते सिमेंट आणि बेंटोनाइट मातीच्या मिश्रणात गाडता येतात आणि दाबातला बदल लगेच दाखवतात. पाइपच्या साध्या पिझोमीटरला घट्ट खडकात मूळ पातळी गाठायलाच कित्येक आठवडे लागू शकतात. पण पाण्याचा नमुना फक्त त्यातूनच काढता येतो, तेव्हा काही ठिकाणी तोही बसवा.

संगणकीय मॉडेलची घाई नको. पंप चाचणी झालेली नसेल, तर साध्या सूत्राने काढलेली कमाल-किमान मर्यादा जास्त प्रामाणिक ठरते. मॉडफ्लो या भूजलप्रवाहाच्या संगणक प्रणालीचं रंगीत चित्र तिथे नसलेली खात्री देतं.

चाचणी कोणतीही निवडा, पण पातळीची नोंद आणि पाण्याचे नमुने पहिल्या बोअरपासूनच सुरू करा, आणि आसपासच्या विहिरी व झरेही त्यात घ्या. पावसाळा आणि कोरडा काळ दोन्ही येतील, असं किमान एक वर्ष नोंदीत यायला हवं. खडकात पायराइट (हवा-पाणी लागलं की आम्ल तयार करणारं गंधकयुक्त लोहखनिज) असेल तर सामू आणि सल्फेटची मूळ पातळी या काळातच पक्की करून ठेवा. उपसा सुरू झाल्यावर शेजारची विहीर खाणीमुळे आटली की कमी पावसामुळे, हे ठरवायला या नोंदींइतका भक्कम पुरावा दुसरा मिळत नाही, आणि तो मागाहून तयारही करता येत नाही.