ट्रायलचा टब वेगळा, घरी आलेला वेगळा

होमस्टेसाठी जॅकुझीचा टब घ्यायला शोरूममध्ये गेलो, तिथल्या ट्रायलच्या टबातलं पाणी आम्ही पोचायच्या आधीच ३९ अंशांवर आणून ठेवलेलं होतं, आणि सगळी गोम तिथेच होती. गरम पाण्याच्या टबात बसून बघितलं म्हणजे टब पारखला, असं कुणालाही वाटतं. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो ट्रायल नाकारत नाही, उलट आग्रह करकरून बोलावतो.

मेढ्याहून केळघरकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आमचं छोटं होमस्टे आहे. खोल्या मोजक्या, पुढे भातखाचरं, पावसात समोरचा डोंगर दिवसदिवस दिसत नाही. महाबळेश्वरचे दर ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे घाट उतरून आमच्याकडे येतात, आणि फोनवर जेवणाच्या आधी विचारतात, "जॅकुझी आहे का?" थंडीत अंगणात उघड्यावर कढत पाण्यात बसायचं, ही हौस गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. तेव्हा एक सहा जणांचा टब घ्यायचं घरात ठरलं. पुणे-बंगळूर हायवेला लागून एक शोरूम आहे. तिथल्या माणसाने मोबाईलवर व्हिडिओ पाठवले आणि सोबत लिहिलं, 'आधी बसून बघा, मग पैसे द्या.' बाहेरच्या देशांत टब घेणारे लोक आपले पोहायचे कपडे घेऊन दुकानात जातात, याला ते वेट टेस्ट म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. ते खरं आहे. पद्धत चांगलीच आहे.

सहकुटुंब गेलो. काचेच्या शोरूमच्या मागे लाकडी फळ्यांचा आडोसा, त्यात टब, निळे दिवे, हळू आवाजात संतूर. "वहिनी, तुमच्यासाठी वेगळी चेंजिंग रूम आहे," म्हणून त्याने हिला आधी जिंकलं. पोरं तर कपड्यांसकट उतरायच्या बेतात. आम्ही बसलो. खोटं कशाला बोलू, झकास वाटलं. पाठीवर पाण्याचा असा जोर, की भातलावणीत धरलेली कंबर सुटल्यासारखी झाली. अधूनमधून तो येऊन आकडे सांगत होता: ४८ जेट (पाण्याचा झोत सोडणारी भोकं), ५ एचपी पंप, ३ किलोवॅट हीटर, थंड पाणी दोन तासांत तयार, साधा १६ अँपिअरचा प्लग लावला की झालं. पाण्यात बसलेला माणूस आकडे तपासत नाही, मान डोलावतो. गरम पाण्यात रक्तदाबही थोडा उतरतो, म्हणून बाहेर आल्यावर अंग सैल आणि डोकं हलकं असतं. नेमक्या त्या वेळी पांढरे झगे आले, वेलदोड्याचा चहा आला आणि चहाच्या ट्रेमधून कोटेशन आलं.

कोटेशनवर लिहिलं होतं 'हॉट टब, सहा सीटर, १ नग'. रक्कम ४ लाख २० हजार. मॉडेलचा नंबर नाही, पंपाचा नाही, ज्या टबात बसलो त्याचा सिरियल नंबर तर नाहीच. विचारल्यावर म्हणाला, "साहेब, हाच पीस, सेम टू सेम. फक्त कलर तुमच्या पसंतीचा." त्यातला 'फक्त कलर' हा भाग फार महागात पडतो. रंग बदलला की पीस बदलला, आणि पीस बदलला की आत काय आहे ते तोच जाणे.

माल आला तो भर पावसात, संध्याकाळी. उतरवायला हायड्रा क्रेन भाड्याने आणलेली, तिचं तासाचं भाडं चालू, ट्रकवाल्याला रात्री कऱ्हाडला पोचायचं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टब ओट्यावर ठेवला आणि लगेच माल मिळाल्याचं चलन सहीला पुढे केलं. त्यावर छापलेलंच होतं: 'माल तपासून सुस्थितीत मिळाला.' अशा वेळी सहीच्या वर पेनाने 'पॅकिंग न उघडता' एवढं लिहिलं तर कुणी अडवू शकत नाही. वकिलांनी नंतर सांगितलं की पुढे त्या तीन शब्दांना फार किंमत येते.

पहिल्या दिवशी सकाळी टब भरून हीटर चालू केला. दोन तासांनी पाणी जेमतेम कोमटाकडे झुकलं होतं. फोन केला तर उत्तर तयार, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असणार." यात तथ्य नव्हतं असं नाही. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खरंच १८०पर्यंत उतरतं, आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला दोन किलोवॅट देणारा हीटर १८०ला सव्वा किलोवॅटच्या आसपास येतो. पण आम्ही तापवत होतो सकाळी, आणि मीटरवर २२५च्या वर आकडा होता.

मग गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने बाजूची फळी काढून हीटरची नेमप्लेट वाचली. त्यावर २ किलोवॅट. तीन नव्हेच. आता साधा हिशोब बघा, हा शाळेतल्या पोराला जमतो. एक हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट वीज लागते. आमच्या टबात १,१०० लिटर पाणी. २२ अंशांवरून ३८वर न्यायचं तर वीस युनिटच्या वर झाले. दोन किलोवॅटचा हीटर तासाला दोन युनिटच देणार, म्हणजे दहा तास, तेही वाटेत उष्णता कुठे गळली नाही तर. त्याच्या तोंडचा तीन किलोवॅटचा हीटर खरा धरला तरी सात तास. दोन तासांत हे व्हायचं तर दहा किलोवॅट हवेत, आणि ते घरातल्या कुठल्याही प्लगमधून निघत नाहीत. शोरूममध्ये पाणी कशाने तापत होतं हे नंतर एकदा तिथे गेल्यावर दिसलं: आडोशामागे थ्री फेजचा बोर्ड आणि जमिनीतून टबाकडे गेलेले वेगळे पाइप.

पंपाचीही तीच कथा. वायरमनने वायरभोवती धरून करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला तर पंप पाच अँपिअरच्या आसपास ओढत होता. २३० व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे साडेअकराशे वॅटच्या जवळपास. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा हा पंप फार तर दीड एचपीचा, आणि बोलीत होता पाचचा. पाच एचपी म्हणजेच ३,७३० वॅट. १६ अँपिअरच्या प्लगची सगळी कुवत ३,६८०. एकटा पंपच प्लगच्या बाहेर जातो, वर हीटर कशावर चालवणार? साधा प्लग पुरेल आणि पंप पाच एचपीचा आहे, ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकत्र आली की उठून चपला शोधाव्यात. काही जण मोटर सुरू होताना क्षणभर जो झटका घेते, तो आकडा 'पीक एचपी' म्हणून लावतात. तो आकडा पाठीला लागत नाही.

४८ जेट मात्र होते, मोजले. पण ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, बंद केला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच भोकांतून काहीच येईना. ती हवेची भोकं. बुडबुडे छान दिसतात, गुदगुल्या होतात. मात्र दाब पाण्याच्या जेटचा असतो, आणि वर हवा सोडली की तापलेलं पाणी उलट लवकर निवतं. ट्रायलला ब्लोअर सतत चालू होता, त्यामुळे कुठल्या भोकातून काय येतंय हे कळायचा मार्गच नव्हता.

शेलबद्दल, म्हणजे टबाच्या भांड्याबद्दल, लिहायला हवं. दाखवलेला ॲक्रिलिकचा होता, आलेला फायबरचा, वर जेलकोटचा, म्हणजे चकचकीत लेपाचा, हात मारलेला. बाहेरून दोन्ही चकाचक. फरक बघायचा तर खालून, किंवा जेटचा पेला फिरवून काढून भोकाच्या कडेला: ॲक्रिलिकची शीट वेगळा जाड थर म्हणून दिसते, जेलकोट रंगासारखा पातळ असतो. फळीमागे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं नाव नव्हतं. आणि झाकण? शोरूममध्ये जाड, फोम भरलेलं, दोन माणसांनी उचलायचं. आमच्याकडे आलं ते ताडपत्रीचं थोरलं भावंड. रात्री तापवून झाकलेलं पाणी सकाळी पाहुण्यांना दाखवायच्या लायकीचं राहत नव्हतं.

एक गोष्ट या सगळ्यात बचावली. तो म्हणाला होता, "गच्चीवर ठेवा साहेब, व्ह्यू मिळेल." हिचा भाऊ सिव्हिल इंजिनियर, त्याने ऐकताक्षणी हात जोडले. पाणी १,१०० किलो, टब तीनेकशे, सहा माणसं चारशेवर, म्हणजे पावणेदोन टनांच्या वर वजन, चार चौरस मीटर जागेत. चौरस मीटरला साडेचारशे किलो. घराच्या खोल्यांच्या स्लॅबला आपल्या मानकात धरतात साधारण २०० किलो. म्हणून खाली अंगणात साधं काँक्रीट ओतून ओटा केला. टब खोटा निघाला, पण घर शाबूत आहे.

वायरमनचं एक ऐकलं पाहिजे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "दादा, अर्थिंग नीट करून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय यात कुणाला बसू देऊ नका." विकणाऱ्याने पत्रकात याचा एक शब्द लिहिला नव्हता. ओल्या अंगाला लागलेला करंट दुसरी संधी देत नाही, आणि इथे तर लोकांची लेकरं बसणार.

आता कागद. ॲडव्हान्स त्याने एका व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयवर घेतला होता. रोजची एक लाखाची मर्यादा असल्याने तुकड्यातुकड्याने. बिल मागितल्यावर बऱ्याच टोलवाटोलवीनंतर आलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्रातला म्हणून सुरुवातीला २७, सगळं बरोबर. पण जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर स्थिती 'रद्द' दिसली. हे बघायला एक मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात होतं: पाण्यातल्या क्षारांनी झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. आमच्या बोअरचं पाणी जड. म्हणजे वॉरंटी पहिल्या बादलीतच संपली. "तुमच्या बोअरमुळे हीटर मंद झाला," हे त्याचं पुढचं उत्तर होतं. नवा कोरा हीटर पहिल्याच दिवशी क्षाराने कसा बसला, हे विचारल्यावर फोन उचलणं बंद झालं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली, आणि आता प्रकरण साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षांची. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू म्हणून समोरचा वकील हरकत घेणारच. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायदा ग्राहकाच्या बाजूने धरतो, त्यामुळे होमस्टे आम्ही घरचे लोकच चालवतो हे कागदावर दाखवावं लागलं. आणि मोबाईलवरचे मेसेज, व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचे तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. मेसेज पुसू नका, फोन बदलला तर जुना विकू नका.

मला विचाराल तर ट्रायल घ्याच, पण पाण्यात उतरायच्या आधी बाजूची फळी काढायला लावा आणि हीटर आणि पंप, दोन्हींच्या नेमप्लेटचे फोटो घ्या. ब्लोअर बंद करून बसा. नंतर त्याच टबाचा सिरियल नंबर कोटेशनवर लिहून मागा. मुख्य म्हणजे टब तुमच्यासमोर थंड पाण्याने भरू द्या.

आमचं ऐकून भिलारचे एक ओळखीचे स्ट्रॉबेरीवाले त्याच शोरूममध्ये गेले. त्यांना टॉवेल दिले, चहा विचारला. ते म्हणाले, चहा नको, हे पाणी सोडून द्या आणि नळाचं भरा, आम्ही तोवर जेवून येतो, दोन तासांनी बसू. समोरचा म्हणाला, आज पाण्याची टाकी साफ करायला काढली आहे. ते म्हणाले, उद्या येतो. उद्या स्टाफला सुट्टी. परवा? परवा तो टब विकला गेला होता, सेम टू सेम दुसरा मागवून देतो म्हणाला.