रताळ्यासाठी ‘सेंद्रिय’ खत घेताय? पोतं फोडण्याआधी हे तपासा

मिरचीला किंवा टोमॅटोला खोटं खत पडलं तर महिनाभरात झाडावर दिसतं. रताळ्यात दिसत नाही. वेल पसरतो, वरंबे झाकून टाकतो, खत विकणारा स्वतः येऊन हिरव्यागार शेताचे फोटो काढून नेतो. चार महिन्यांनी कुदळ मारली की बोटाएवढी मुळं हाती येतात. तोवर पोती फाटलेली, पावती कधी मिळालेलीच नाही आणि गाडीवाल्याचा फोन बंद. सगळा धंदा या चार महिन्यांवर चालतो.

वेळही बरोबर साधली जाते. महाशिवरात्रीच्या बाजाराला रताळी न्यायची तर बेणं ऑक्टोबरात लागायला हवं. सरी-वरंबे तयार असतात, वेलाचे तुकडे कापून सावलीत ठेवलेले असतात आणि ते एक-दोन दिवसांपेक्षा फार थांबत नाहीत. नेमकी तेव्हा खत विकणाऱ्याची गाडी येते. आमच्या पट्ट्यात विकलेल्या ‘किट’मध्ये काळे दाणेदार ‘सेंद्रिय पोटॅश’, गांडूळखत आणि निंबोळी पेंड होती. सोबत बोली अशी की एकरी एवढं टाका, शेणखताची गरज नाही, वर रताळी आम्हीच चढ्या भावाने उचलू. खरेदीची हमी तोंडी, खताचे पैसे मात्र रोख.

साधा हिशेब मांडला तरी निम्मा खोटेपणा तिथेच उघडा पडतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची रताळ्यासाठी शिफारस हेक्टरी ५ टन शेणखत आणि नत्र-स्फुरद-पालाश ५०:२५:५० किलो अशी आहे. म्हणजे एकरी २ टन शेणखत आणि साधारण २०:१०:२० किलो. आता ‘सर्व काही’ देणारं ५० किलोचं पोतं घ्या. त्यात अगदी ५ टक्के पालाश धरला तरी अडीच किलो होतो. उसाच्या मळीवर (काकवीवर) चालणाऱ्या डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या राखेपासून बनणाऱ्या खऱ्या पोटॅशमध्येसुद्धा पालाश १४.५ टक्क्यांच्या आसपास असतो. २० किलो पालाशासाठी ते जवळपास १४० किलो लागेल. एका पोत्यात एकर भागवणारा सेंद्रिय माल असूच शकत नाही.

काळे दाणे बहुतेक वेळा बेंटोनाइट मातीचे असतात, वरून रंग चढवलेला. १०० ग्रॅम दाणे एक लिटर पाण्यात टाकून तासाभरात चार-पाच वेळा ढवळा, मग गाळून उरलेला गाळ वाळवून तोला. राखेतला पालाश पाण्यात विरघळतो, त्यामुळे वजनात चांगली घट दिसली पाहिजे. दाणे फुगून चिखल झाला, रंग पाण्यात उतरला आणि वाळल्यावर वजन जवळपास तेवढंच भरलं तर ती माती आहे. लिंबू पिळून फेस येतो का, हे बघण्यात अर्थ नाही. डोलोमाइटला, म्हणजे चुनखडीसारख्या दगडाच्या भुकटीला, फेस येतो तसा खऱ्या राखेलाही येतो, कारण कार्बोनेट दोन्हीत असतं. ‘लाकडाची राख’ म्हणून साखर कारखान्याच्या बॉयलरची राख गळ्यात मारतात, तिच्यात बहुतांश सिलिका असते. कोळशाची राख तर शेतात घेऊच नये.

हेच दाणे ‘ह्युमिक’ (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल) म्हणूनही विकले जातात. खरं पोटॅशियम ह्युमेट पाण्यात कॉफीसारखं काळं विरघळतं. त्या पाण्यात हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, टॉयलेट साफ करायच्या आम्लाचे थोडे थेंब टाका (ब्लीचवाला क्लीनर नको). ह्युमिक आम्ल आम्लात विरघळत नाही, त्यामुळे तपकिरी गुठळ्या तळाला बसतात आणि वरचं पाणी फिकं पडतं. नुसता रंग असेल किंवा कागद कारखान्यातलं लिग्नोसल्फोनेट असेल तर पाणी काळंच राहतं.

गांडूळखतात फसवणुकीला सगळ्यात जास्त वाव आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ मधल्या निकषांप्रमाणे त्यात ओलावा १५ ते २५ टक्के आणि सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के हवा. ओलावा ४५ टक्के असेल तर ५० किलोच्या पोत्यात कोरडा माल साडेसत्तावीस किलोच उरतो, बाकीचं पाणी तुम्ही खताच्या भावाने घेतलेलं असतं. म्हणून भाव नेहमी कोरड्या वजनावर काढावा.

मातीची भेसळ जाळून कळते. खत आधी कडक उन्हात आणि मग मंद तव्यावर पूर्ण कोरडं करा. त्यातलं १०० ग्रॅम लोखंडी कढईत घेऊन अंगणातल्या चुलीवर कढई लाल होईपर्यंत तापवा, धूर थांबून काळा रंग जाईपर्यंत हलवत राहा आणि थंड झाल्यावर तोला. १८ टक्के कर्ब म्हणजे साधारण ३१ टक्के सेंद्रिय पदार्थ, तेव्हा किमान ३० ग्रॅम जळून जायला हवेत. दहा-बारा ग्रॅमच घटले तर पोत्यात माती भरलेली आहे. या चाचणीची एक मर्यादा आहे: भुसा किंवा भाताचं तूस मिसळलेला माल इथे पास होतो. तो डोळ्यांनी ओळखा. चाळून पाण्यात टाकला की तरंगतो.

साखर कारखान्यातली कच्ची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) गांडूळखत म्हणून देण्याचा प्रकारही जुना आहे. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा नाकाला अमोनिया झोंबला तर माल कुजलेला नाही. वेलाच्या तुकड्यांना डोळ्यांपाशी नवी मुळं फुटायची असतात आणि असं खत नेमकी ती जाळतं. अर्धं खत, अर्धी माती मिसळून मुगाचे २० दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत २० पेरा आणि चार-पाच दिवसांनी दोन्हींची तुलना करा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीही येते आणि ती रताळी पोखरते, तो तोटा वेगळाच.

निंबोळी पेंडीत वासावर जाऊ नका. माती आणि भुशावर निंबोळी तेल फवारलं की वास अस्सल येतो. मूठभर पेंड बाटलीभर पाण्यात हलवून ठेवा, वाळू काही सेकंदांत तळाला बसते. जुनी माणसं पेंड जिभेवर ठेवून कडवटपणा बघतात, ते मात्र बंद करा. स्वस्तात पडते म्हणून एरंडीची पेंड मिसळलेली असू शकते आणि तिच्यात रिसिन हे विष असतं. अशी पोती गोठ्याजवळ, कुत्र्या-कोंबड्यांच्या तोंडाला लागतील अशी ठेवू नयेत.

रताळ्याच्या खतात सर्वांत लबाड भेसळ युरियाची. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या एकूण नत्राच्या तपासणीत युरियाचं नत्रही मोजलं जातं, त्यामुळे मातकट खतसुद्धा कागदावर उत्तम ठरतं. शेतात जास्तीचं नत्र वेलाकडे जातं, पानं गडद होतात, शेतकरी खूश होतो आणि दुसऱ्या वर्षीचं बुकिंगही देऊन बसतो. कंद मात्र पोसत नाहीत. सेंद्रिय प्रमाणीकरणात असाल तर तपासणीत हे सापडल्यावर वार्षिक पिकांचा किमान २ वर्षांचा रूपांतरणाचा (रासायनिककडून सेंद्रियकडे जाण्याचा) काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागू शकतो.

युरिया घरी पकडता येतो, दुधातली भेसळ पकडतात त्याच रीतीने. खत पाण्यात कालवून गाळा आणि ते पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात अर्धा चमचा कच्च्या सोयाबीनचं किंवा तुरीचं पीठ घाला. भाजलेलं चालत नाही, उष्णतेने त्यातलं युरिएझ, म्हणजे युरिया फोडून अमोनिया करणारं विकर, मरतं. दोन्ही पेले कोमट जागी झाकून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी लाल लिटमसची (अमोनिया लागला की निळी होणाऱ्या कागदाची) ओली पट्टी पेल्यावर अधांतरी धरा. पाण्यात बुडवली तर काळ्या रंगात काही कळत नाही. फक्त पिठाच्या पेल्यावर पट्टी निळी झाली तर युरिया आहे. दोन्हींवर झाली तर अमोनिया आधीपासूनच मोकळा आहे, म्हणजे माल कच्चा असण्याची शक्यता जास्त. युरियाचा निकाल मग यातून लागत नाही.

या चाचण्या फक्त घ्यायचं की परत पाठवायचं हे ठरवण्यापुरत्या. तक्रारीत त्यांना वजन नाही. त्यासाठी खत निरीक्षकाने, म्हणजे पंचायत समितीतल्या किंवा तालुक्याच्या गुणनियंत्रण अधिकाऱ्याने, काढलेला नमुना लागतो आणि तो शिवण शाबूत असलेल्या पोत्यातून काढावा लागतो. म्हणून प्रत्येक लॉटचं किमान एक पोतं न फोडता कोरड्या जागी ठेवा आणि रताळी निघेपर्यंत ते वापरू नका. पावती नमुना ‘एम’मध्येच, म्हणजे खत नियंत्रण आदेशातल्या ठरलेल्या नमुन्यातच मागा, तिच्यावर मालाचं नाव आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. गाडीवरून विकणारा इथेच गडबडतो.

पोत्यावर ‘खत’ हा शब्दच नसेल, फक्त ‘भू-सुधारक’ असेल आणि घटकांची टक्केवारी छापलेली नसेल, तर ती पळवाट आहे: खत म्हणून विकलंच नाही, असं पुढे सांगता यावं म्हणून. ‘सेंद्रिय प्रमाणित’ असा शिक्का असेल तर प्रमाणीकरण संस्थेचं मान्यतापत्र बघा. त्यात त्याच उत्पादनाचं नाव आणि चालू मुदत असली पाहिजे. दुसऱ्याच मालाचं पत्र मोबाइलवर दाखवणारे पुष्कळ आहेत.

खत टाकून झालं असेल आणि वेल संशयास्पद माजला असेल तर आणखी नत्र देऊ नका. एखाद्या वरंब्याची माती बाजूला सारून कंद धरलेत का ते बघा. धरले नसतील तर काढणीची वाट न बघता कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन उभ्या पिकाचा पंचनामा मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एकदा रताळी निघाली की पंचनाम्याला शेतात काही उरत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार २ वर्षांच्या आत करता येते आणि मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.