नुसती मजुरी की मालासकट ठेका?

घराच्या वायरिंगचे काम नुसत्या मजुरीवर घ्यावे की मालासकट, हा प्रश्न आमच्या धंद्यात पूर्वी फक्त भांडवलाचा होता. 1 जुलै 2017 पासून, म्हणजे जीएसटी लागू झाल्यापासून, तो कराचाही झाला. सांगली-मिरज भागात मी दोन्ही पद्धतींनी कामे केली आहेत. ज्यांचे अजून ठरायचे आहे त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडतो, मात्र माझे मन कुठे बसले आहे ते लपून राहील असे वाटत नाही.

"मजुरीवर कसला टॅक्स?" हे गिऱ्हाइकाचे वाक्य अगदीच अज्ञानातून आलेले नसते. गॅनन डंकर्ली या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने इमारतीचा ठेका अखंड असतो, त्यात मालाची वेगळी विक्री होत नाही, असे ठरवले. पुढे 1982 च्या 46 व्या घटनादुरुस्तीने ठेक्यातील मालावर कर लावण्याची वाट राज्यांना मोकळी झाली, तरी मजुरीचा भाग वजाच होत राहिला. जीएसटीच्या आधी, मालावर राज्याचा व्हॅट होता त्या काळात, मजुरीवर केंद्राचा सेवाकर होता, पण 10 लाखांपर्यंतच्या उलाढालीला सूट असल्यामुळे लहान ठेकेदारापर्यंत तो फारसा पोहोचलाच नाही. त्यामुळे मजुरी म्हणजे बिनकराची, ही समजूत दोन पिढ्या टिकली. आता घराच्या कामाचा मालासकट ठेका ही पूर्ण सेवाच मानली जाते आणि माल व मजुरी मिळून सगळ्या रकमेवर 18 टक्के लागतात. नुसत्या मजुरीलाही सर्वसाधारणपणे 18 टक्केच आहेत. पण तिथे एक मोठी सवलत आहे, आणि आमची निम्मी कामे त्या सवलतीत बसतात.

एका कुटुंबाचे स्वतंत्र घर नव्याने बांधले जात असेल आणि ठेकेदार त्यात फक्त मजुरी पुरवत असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. यातला प्रत्येक शब्द मोजून मापून घ्यावा लागतो. वीस वर्षांच्या, माणसे राहत असलेल्या बंगल्याचे वायरिंग बदलणे हे नवे काम नव्हे. अपार्टमेंटमधील फ्लॅट, मग तो कितीही नवा असो, स्वतंत्र घर नव्हे. दोन भावांनी वर-खाली दोन स्वयंपाकघरांसह बांधलेले घर दिसायला बंगलाच असते, पण कागदावर ती दोन घरे ठरली तर सवलतीवर बोट ठेवले जाऊ शकते. अशा ठिकाणी मी आधी मंजूर नकाशा पाहतो. शिवाय "फक्त मजुरी" हेही मी अक्षरशः पाळतो. फॅन बॉक्स, एमसीबी, वायरची बंडले तर मालकाने आणायचीच, पण गट्ट्या, स्क्रू आणि इन्सुलेशन टेपही मी त्यालाच आणायला सांगतो. चाळीस रुपयांच्या टेपवरून कोणी अडवेल असे नाही, परंतु बिलात मालाची एकही ओळ नसली की बोलायला जागाच उरत नाही.

एका मध्यम बंगल्याचे उदाहरण घेऊ. मजुरी 1,20,000 रुपये आणि माल 2,80,000 रुपये. मालासकट ठेका दिला तर 4,00,000 वर 72,000 रुपये कर होतो. मालकाने स्वतः माल आणला तर दुकानात त्याला 50,400 रुपये कर भरावाच लागतो, पण मजुरीवरचे 21,600 वाचतात. मालाच्या कराचे क्रेडिट ठेकेदाराला मिळते, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्याला आपल्या देय करातून वजा करता येतो, हे खरे. तरी घर बांधणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने फरक तेवढाच राहतो, आणि ठेकेदाराने मालावर चार पैसे चढवले असतील तर त्यांवरही कर चढतो.

मालासकट ठेक्याच्या बाजूने बोलायचे तर काम हाती राहते. भिंतीत पाइपसाठी झिऱ्या (खाचा) मारून झाल्या आणि मालकाने पाइप चुकीच्या मापाचा आणला, की चार माणसे दिवसभर बसून राहतात आणि त्यांची हजेरी आपल्याच माथी येते. मालावरचे कमिशन सुटते ते वेगळेच. कारखान्याच्या यंत्रांची जोडणी असेल तर गिऱ्हाईक 18 टक्क्यांना कां कूं करत नाही, कारण त्याला बहुधा त्याचे क्रेडिट मिळते. अशी कामे मी आजही मालासकटच घेतो.

तरीही घरांच्या बाबतीत माझा निर्णय झाला तो एका उन्हाळ्यात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी वर लिहिले आहे साधारण तेवढ्याच मालाची खरेदी केली, महिनाअखेर काम उरकून पूर्ण बिल दिले. मालकाच्या गृहकर्जाचा हप्ता बँकेत अडकला होता, त्यामुळे पैसे आले नाहीत. पण बिल दिले की कर देय होतो, पैसे येवोत न येवोत. 20 मे ही रिटर्नची तारीख. आदल्या संध्याकाळी पोर्टलवर टू-बी, म्हणजे दुकानदारांनी चढवलेल्या बिलांवरून आपले क्रेडिट दाखवणारा तक्ता, उघडले, तर मालाच्या बिलाचा पत्ता नाही. दुकानदाराला फोन केला, तेव्हा कळले की तो तिमाही विवरणपत्र भरतो. एप्रिलचे बिल तो जुलैत चढवणार. मधल्या महिन्यांत बिले चढवण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक, आणि त्याच्या हिशेबनिसाला त्याची गरज वाटत नव्हती. दुकानदाराचे नियमाने काही चुकले नव्हते, हे त्यातले सर्वांत चिडवणारे. 50,400 रुपयांचे क्रेडिट असूनही नसल्यासारखे, आणि 72,000 रुपये रोख भरायचे. उशीर केला तर वर्षाला 18 टक्के व्याज. शनिवारच्या पगारासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून मी ते भरले आणि माणसांना सोमवारचा वायदा केला. क्रेडिट जुलैत आले, बुडाले काहीच नाही; पण एका परक्या दुकानाच्या हिशेबनिसावर आपल्या माणसांचा पगार अवलंबून असावा, हे मला त्यानंतर पटेनासे झाले.

कोणी सुचवेल की माल आणि मजुरी यांची दोन वेगळी बिले फाडावीत. एकच ठेकेदार, एकच घर, एकच बोलणी असताना दोन बिलांनी दोन कामे होत नाहीत, आणि तपासणीत ते टिकेल असे मला वाटत नाही. कंपोझिशनचा, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेचाही पर्याय आहे, 50 लाखांच्या आतील सेवेला 6 टक्के. परंतु त्यात क्रेडिट नाही आणि गिऱ्हाइकाकडून कर मागताही येत नाही. वरच्या उदाहरणात 24,000 रुपये पदरचे गेले असते, शिवाय दुकानात भरलेले 50,400 मालाच्या किमतीतच मुरले असते.

मजुरीची वाट धरणाऱ्याने एक हिशेब मात्र नीट ठेवावा. केवळ करमुक्त कामेच करणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण मध्येच एखाद्या दुकानाचे करपात्र काम घेतले, तर 20 लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त मजुरीही बेरजेत धरली जाते. नोंदणी असेल तर सवलतीच्या मजुरीसाठी टॅक्स इन्व्हॉइस नव्हे, बिल ऑफ सप्लाय (कर न लावलेले बिल) द्यावे लागते. मी त्यावर "माल मालकाचा" असे हाताने लिहितो आणि काम सुरू होण्याआधी मालाची यादी मापांसकट मालकाच्या हाती देऊन त्याची सही घेतो. चुकीच्या पाइपचा त्रास त्याने पूर्ण जात नाही, पण हजेरी कोणी भरायची याचा वाद आता होत नाही.