हॅमंड एम-३ : काही महिने रोज वाजवल्यानंतर

अमेरिकेत जुन्या सामानाच्या जाहिराती चाळल्या की हॅमंड कंपनीचे विजेवर चालणारे घरगुती ऑर्गन हटकून दिसतात. आजी-आजोबांचं घर रिकामं करायचं असतं आणि ते लाकडी धूड कुणालाच नको असतं, त्यामुळे 'फुकट, फक्त उचलून न्या' असंही लिहिलेलं असतं. त्यातला एम-३ दिसला तर थांबून बघावं. १९५५ ते १९६४ या काळात बनलेलं हे मॉडेल. हॅमंडच्याच मोठ्या बी-३ या मॉडेलसारखीच यात आवाज काढणारी फिरती चाकं, म्हणजे टोनव्हील, आहेत. १९६० च्या दशकात मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स हाच वाजवत असे, तेव्हा 'दिवाणखान्यातलं खेळणं' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

काय मिळतं ते थोडक्यात. एकमेकांच्या वर जरा सरकवून बसवलेले दोन कीबोर्ड, प्रत्येकी ४४ पट्ट्या. खाली १२ आखूड पेडल, डाव्या पायाच्या चवड्याने वाजवायची. उजव्या पायाला आवाज कमी-जास्त करायचं पेडल. वरच्या कीबोर्डला नऊ ड्रॉबार, म्हणजे कमी-जास्त ओढून आवाजाचा पोत ठरवायच्या दांड्या, खालच्याला त्याहून कमी. व्हायब्रेटो (स्वराची थरथर), कोरस (त्याच थरथरीने आवाज दाट करणं) आणि पर्कशन (स्वराच्या सुरुवातीचा छोटा ठोका) आहे, पण बी-३ वरच्या गोल खटक्यासारखे व्हायब्रेटोचे सहा पर्याय नाहीत. रीव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देण्याची सोय, नाही. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि १२ इंची स्पीकर पोटातच आहे. फ्लॅटमध्ये वाजवायला हा आवाज पुरून उरतो, मंडळाच्या हॉलमध्ये मात्र माईक लावावा लागतो.

पहिली अडचण चालू करण्यापासूनच येते. 'स्टार्ट' आणि 'रन' असे दोन खटके आहेत. स्टार्ट साधारण ८ सेकंद दाबून धरायचा. सुरुवातीची मोटर चाकांना वेग देते आणि आतून घरघर चढत गेलेली ऐकू येते. मग स्टार्ट न सोडता रन लावायचा, आणखी ४ सेकंद दोन्ही धरायचे आणि स्टार्ट सोडायचा. रन लावला की वेग किंचित उतरून स्थिरावतो, कारण आता सूत्रं सिंक्रोनस मोटरकडे जातात आणि ती विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. थंडीत गॅरेजमध्ये ठेवलेला ऑर्गन असेल तर आतलं तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा स्टार्ट जास्त वेळ धरावा. घाईने सोडला तर चाकं हळूहळू थांबतात आणि विकणारा म्हणतो, 'बिघडलाय'. अशा बिघडलेल्यांपैकी काही नुसते चुकीचे चालू केलेले असतात, म्हणून विकत घेताना हे खटके स्वतः लावून बघा.

तेलाबद्दल हयगय चालत नाही. जनरेटरमध्ये, म्हणजे टोनव्हीलच्या सगळ्या यंत्रणेत, वर तेल घालायच्या नरसाळ्यासारख्या वाट्या आहेत. तिथून सुताचे बारीक धागे प्रत्येक बेअरिंगपर्यंत जातात आणि तेल त्यांतून झिरपत पोचतं. सिंक्रोनस मोटर आणि व्हायब्रेटो तयार करणारा फिरता भाग, म्हणजे स्कॅनर, यांच्या तेलाच्या जागा वेगळ्या. वर्षातून एकदा वाट्या पाऊणभर भरायच्या, त्याहून जास्त नाही. तेल ऑर्गनसाठी म्हणून विकतात तेच घ्या. घरात आहे म्हणून थ्री-इन-वन किंवा डब्ल्यूडी-४० मारलं की काही काळाने ते चिकट होतं, धाग्यात बसतं, आणि मग जनरेटर उतरवून धुण्याशिवाय इलाज उरत नाही. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला ऑर्गन मिळाला तर तेल घालून लगेच तासन्‌तास चालवू नका. धाग्यांना ते शोषायला दिवस लागतात. तेल घाला, काही दिवस थांबा, थोडा वेळ चालवा, पुन्हा बघा. सुरुवातीला चिरचिर करणारा जनरेटर दोन-तीन आठवड्यांत शांत झाला तर तेलाचीच कमतरता होती. नाही झाला तर बेअरिंग गेलंय.

आता वाजवण्याकडे. पेटी वाजवणाऱ्याला पियानोपेक्षा हा जवळचा वाटतो. पट्टी धरली आहे तोवर स्वर चालू, सोडली की बंद, आणि जोरात मारून काही फरक पडत नाही. भात्याचं काम उजव्या पायाकडे जातं आणि डावा हात मोकळा होतो. मात्र पायाला तालावर पंप करायची सवय लागली तर प्रत्येक स्वर पोट फुगवून येतो. पेडल साधारण मध्यावर ठेवून ओळीच्या चढउताराप्रमाणेच हलवावं. पट्ट्यांची पुढची कड गोलाकार आणि बिनओठाची आहे, त्यामुळे तळव्याने घसरत जाता येतं. नेमक्या याच पट्ट्यांसाठी चालू एम-३ फोडून त्या बी-३ ला लावणारेही आहेत. हे पाप आहे असं माझं मत.

ड्रॉबारचे आकडे लिहायची पद्धत अशी की डावीकडून नऊ ड्रॉबार किती ओढले ते ० ते ८ मध्ये लिहायचं. तिसरा ड्रॉबार ८ फुटी, म्हणजे मूळ स्वर. पहिला त्याच्याखालचं सप्तक, चौथा वरचं सप्तक, पाचवा वरच्या सप्तकातला पंचम, सातवा त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. भक्तिगीताला साथ करायची तर ००८ ५४३ २०० पासून सुरुवात करावी, कोरस बंद. भरीव हवं असेल तर पहिला ड्रॉबार ४ पर्यंत ओढा. तो ८ वर नेला की गाणाऱ्याचा खर्ज झाकला जातो. ब्लूज वाजवणाऱ्यांचं ठरलेलं ८८८ ००० ००० आणि त्यावर पर्कशन इथेही छान बोलतं. पर्कशन फक्त वरच्या कीबोर्डला आहे आणि आधीची सगळी बोटं उचलल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. एक स्वर धरून दुसरा वाजवायची पेटीवाल्यांची सवय इथे आड येते: पहिल्या स्वराला 'टक्' येतो, पुढचे मुके जातात. बोटं सुटी टाकायला शिकणं एवढाच त्यावर उपाय.

स्वरांच्या बाबतीत हा ऑर्गन तडजोड करत नाही. मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २०. पांढरी सहासाठी दातेचाकांचं प्रमाण ८८ ला ६४ आहे. त्या हिशेबाने दांडा सेकंदाला २७.५ फेरे घेतो, आणि १६ दात्यांच्या चाकामुळे तंतोतंत ४४० निघतात. बाकीचे स्वर समान अंतराच्या सप्तकाच्या इतके जवळ आहेत की फरक कानाला लागत नाही. ट्यूनिंगचा स्क्रू नाही आणि ट्रान्सपोजचं बटणही नाही. गायिका काळी चारमध्ये गाणार असेल तर काळी चारमध्येच बोटं टाकावी लागतात. जोडीला पेटी असेल तर ती ४४० ला लावलेली आहे का ते आधी तपासा. सूर वरखाली केलेली पेटी याच्याबरोबर कधीच जमणार नाही, कारण सरकायचं ते पेटीलाच.

तानपुऱ्याबरोबर गंधार जाणवतो. तारेतून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा इथला सुमारे १४ सेंटनी (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा आहे. त्यातून सातवा ड्रॉबार ओढला की तोच चढा गंधार प्रत्येक स्वराच्या पोटातही शिरतो, कारण ड्रॉबारला वेगळी चाकं नाहीत. पट्ट्यांचीच चाकं उसनी घेतली जातात. कॉर्ड वाजवताना हे फायद्याचं ठरतं, पट्टीचा गंधार आणि आतला गंधार एकाच चाकातून आल्याने भांडत नाहीत. ख्यालाच्या रियाजाला मात्र सातवा ड्रॉबार पूर्ण आत ठेवावा. हॅमंड ख्यालाला घेऊच नये असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

पट्टी दाबताना येणारा 'क्लिक' दोष समजू नका. प्रत्येक पट्टीखाली बारीक तारांचे कितीतरी संपर्क असतात, ते एकाच क्षणी जुळत नाहीत, म्हणून तो येतो. कंपनीला तो नकोसा होता, वाजवणाऱ्यांना आवडला. खरा दोष वेगळा दिसतो. एखाद्या पट्टीवर एकच ड्रॉबार गप्प असतो किंवा खरखरतो. तपासायची रीत: एका वेळी एकच ड्रॉबार ८ वर ओढायचा आणि ४४ ही पट्ट्या एकामागून एक वाजवायच्या, मग तो आत, पुढचा बाहेर. कंटाळवाणं आहे, पण खरेदीआधी अर्धा तास यावर घालवलाच पाहिजे. गप्प संपर्क सापडला तर तीच पट्टी झटक्याने वीस-तीस वेळा मारा. धूळ असेल तर बहुतेक वेळा निघून जाते. तरीही नाही गेली तर आतली बसबार, म्हणजे तारा जिला टेकतात ती धातूची दांडी, केसभर सरकवून संपर्काला नवी जागा देतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा अजिबात नको, धूळ चिकटून घट्ट बसते. संपर्क ठीक असून एकच उंचीचा स्वर अनेक पट्ट्यांवर आणि ड्रॉबारवर गायब असेल तर दोष जनरेटरकडे आहे: चाक फिरत नाही, किंवा चाकाजवळच्या कॉइलची तार तुटली आहे. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

आवाज मंद, कांबळं पांघरल्यासारखा वाटला तर जनरेटरमधले मेणाचे कपॅसिटर वयाने सरकलेले असतात. ते बदलले की वरचे स्वर लख्ख होतात. काही जुन्या कानांना मात्र तो मऊपणाच हवा असतो, म्हणून बदलायची घाई करू नका. आधी काही महिने तसाच ऐका. अँप्लिफायरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ही वेगळी गोष्ट. गुणगुण वाढली असेल तर ते बदलायलाच हवेत, नाहीतर रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर ओढून नेतात. अँप्लिफायर उघडायचं काम ज्याला व्हॉल्व्हची सवय आहे त्यानेच करावं: वीज काढल्यावरही आत काही शे व्होल्ट साठलेले असतात. दोन पिनी जुनी वायर असेल तर त्याच वेळी तीन पिनी अर्थिंगची करून घ्या. आणि स्पीकरची तार काढून हा अँप्लिफायर चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

लेझली, म्हणजे आवाज फिरवत फेकणारा स्पीकर, जोडला की ऑर्गनचं रूप पालटतं हे खरं. पण लेझलीच्या १२२ आणि १४७ या दोन्ही मॉडेलना सहा पिनांचा सॉकेट असला तरी आतली जोडणी निराळी आहे. एकाची जोडणीची किट दुसऱ्याला लावली तर काहीतरी जळतं. जागा किंवा पैसे नसतील तर स्पीकरवरून नीट लाइन-आउट काढून घेऊन फिरत्या स्पीकरचं चांगलं डिजिटल पेडल लावा. मी तेच वापरतो. हळू आणि जलद यांच्यामधला वेग चढताना-उतरतानाचा काळ जुळवला की खोलीत बसून फरक ओळखणं अवघड जातं.

हलवायचा तर वजन शंभर किलोच्या वर धरा, तीन माणसं आणि चाकांची फळी. उभाच न्यायचा, आडवा पाडला की तेल बाहेर येतं आणि लाकडाला, फेल्टला लागतं.

आता अनेकांच्या मनातला प्रश्न: अमेरिकेतून परत जाताना पुण्याला न्यावा का? अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ आहे, आपल्याकडे २३० आणि ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्‌झला हातही लावत नाही. मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि सगळा ऑर्गन तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरतो. पांढरी एक दाबली की पांढरी सहाच्या किंचित खालचा स्वर येतो, म्हणजे नुसतं तीन पट्ट्या वर सरकून वाजवलं तरी पेटीशी जुळत नाही. व्हायब्रेटोही त्याच प्रमाणात मंदावतो, कारण स्कॅनर त्याच मोटरवर आहे. उपाय एकच, ६० हर्ट्‌झ देणारा शुद्ध साइन वेव्हचा कन्व्हर्टर, निदान मोटरसाठी. घरातला स्वस्त इन्व्हर्टर चालत नाही: मोटर गुरगुरते, तापते, आणि त्याची वारंवारता हलली की स्वरही हलतो. कन्व्हर्टर विकत घेण्याआधी तो जोडून फक्त ८ फुटी ड्रॉबार ओढा, मधली पांढरी सहा धरा आणि ट्यूनर पाहा. काटा ४४० वर उभा राहिला नाही तर ऑर्गन उघडत बसू नका, कन्व्हर्टर परत करा.