तुतीचं बेणं घ्या, पण टेम्पोनं मागवू नका

आर्वीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका नर्सरीतून मी दोनदा तुतीचं बेणं आणलं. व्ही-१ जात, २ रुपयाला कांडी. नाव लिहीत नाही, रोज त्याच रस्त्यानं जाणं-येणं आहे.

पहिल्यांदा मार्चअखेर फोनवर ३०० कांड्या सांगितल्या. त्यांनी सुतळीनं गठ्ठा बांधून भर दुपारी टेम्पोच्या टपावर टाकला. साधं ओलं पोतंही नाही. हाती आल्या तेव्हा साल सुरकुतलेली. तरी लावल्या. बारा दिवसांत कोंब फुटले, मी घरभर मिरवलो. मग एकेकानं मान टाकली. उपटून पाहिलं तर मुळीचा पत्ता नाही. कांडीतल्या साठ्यावरच पानं निघाली होती. ४१ जगल्या. मालक म्हणे, "तुमच्या उन्हाले आम्ही काय करू?" अशा उन्हात लावायला निघालो, ही अर्धी चूक माझीच. अर्धीच.

दुसऱ्यांदा जूनअखेर, पाऊस मुरल्यावर, सकाळी सातला स्वतः गेलो. तिथं एक म्हातारे काका कामाला आहेत, त्या नर्सरीत पैसे वसूल होतात ते त्यांच्यामुळे. समोरच झाडावरून फांद्या कापल्या. कोवळा शेंडा आणि बुडाचा जाड भाग फेकला, मधला पेन्सिलीएवढा ठेवला. वीतभर कांडी, तीन-चार डोळे, खालचा काप तिरपा. वर म्हणाले, "पानाले भुलू नोको बाप्पा. महिनाभर कांडी हालवू नोको."

आमची काळी जमीन पाणी धरून बसते, म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत घालून उंच वाफा केला. एक डोळा वर ठेवून लावल्या, वर हिरवी जाळी. २०० पैकी १६३ लागल्या. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेची ही जात मुळी चांगली धरते असं ऐकून होतो, ते पटलं.

त्या नर्सरीतली १२ रुपयांची तयार रोपं मात्र घेऊ नका. पिशवीत निव्वळ काळी माती भरतात. ओली असली की चिखल, वाळली की ढेकूळ. पिशवी फाडली की ढेकूळ फुटतं आणि बारीक मुळ्या त्याच्याबरोबर तुटतात. वीस आणली होती, सहा उरली.

बाजाराच्या दिवशी काका नसतात, तेव्हा जाऊ नका. आणि पोतं घरूनच भिजवून न्या. तिथं मागितलं तर दहा रुपये लावतात.