आईसाठी बटणांचा फोन: २जीच ठेवावा की ४जी घ्यावा?

गावी आई-वडिलांचा बटणांचा फोन बिघडला की प्रश्न ठरलेला असतो. हजार-बाराशेचा साधा २जी आणून द्यायचा, की दोन-अडीच हजार मोजून बटणांचाच पण ४जी घ्यायचा? स्मार्टफोन इथे धरत नाही. आईला बटण दाबल्याचं बोटाला कळावं लागतं, काचेवर तिचा हात बसत नाही. गेल्या वर्षी ही निवड मला करावी लागली. आधी २जी आणला, चार महिन्यांनी ४जी.

३जी गेलं ते आपण पाहिलंच. एअरटेलनं २०१९ मध्ये कोलकात्यापासून सुरुवात केली, मागोमाग व्हीआयनंही ते गुंडाळायला घेतलं. जिओकडे तर २०१६ पासून ४जीच, त्याखालचं काही नव्हतंच. त्यामुळे ‘उद्या २जीही बंद झालं तर?’ ही धास्ती खरी आहे. पण केवळ तिच्यापायी घाईनं फोन बदलावा असं मला वाटत नाही. आमच्या वाडीत विहिरींवरच्या मोटारींचे मोबाईल स्टार्टर २जी सिमवर चालतात. अशी यंत्रं गावोगाव आहेत, ती एका रात्रीत बदलणार नाहीत.

बॅटरीत २जी फोनला तोड नाही. आई रविवारी चार्जिंगला लावायची, तो पुढच्या रविवारपर्यंत चालायचा. ४जी फोन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकतो. संगमेश्वराकडच्या पावसात झाड पडून दोन-दोन दिवस लाईट नसते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. तुमच्या गावी विजेचे असेच हाल असतील आणि घरच्यांचे कान शाबूत असतील, तर २जी घेतलात म्हणून काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

माझा निर्णय झाला तो कानांवरूनच. आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. २जीवर माझं प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं. ‘काय म्हणालास? मोठ्यानं बोल,’ मग मी ओरडायचो, ऑफिसात आजूबाजूचे वळून बघायचे, आणि ती म्हणायची, ‘चिडतोस कशाला?’ मी चिडलेला नसायचो. एकदा सांगितलं, सहाच्या एसटीनं येतोय. तिनं ऐकलं दहा. मी पोचलो तेव्हा घराला कुलूप आणि ती खालच्या वाडीत भजनाला. तासभर पडवीत बसून होतो. ती आली आणि कुलूप काढायच्या आधी रडायला लागली, आपल्याला आता काहीच धड ऐकू येत नाही म्हणून. तिची समजूत घालताना माझ्या लक्षात आलं, की समोरासमोर बोलताना ती ‘सहा’ला ‘दहा’ कधीच ऐकत नाही.

जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ यांची बरीचशी धार असते त्याच्या वर, ती वाटेतच कापली जाते. व्होल्टी, म्हणजे ४जीच्याच नेटवर्कवरून जाणाऱ्या कॉलमध्ये हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो, मात्र दोन्ही बाजूंना व्होल्टी हवं. तरुण कान राहिलेलं भरून काढतात, म्हाताऱ्या कानांना ते जमत नाही. नव्या फोनवर पहिला कॉल लावला तेव्हा आईनं विचारलं, ‘कुठं आलायस? देवरुखात?’ देवरुख आमच्या गावाजवळचं, मी तर ठाण्यातच होतो. कॉल लागायलाही आता वेळ लागत नाही. पूर्वी ‘लागत नाही वाटतं’ म्हणून ती मध्येच लाल बटण दाबायची, तेही थांबलं.

४जीमध्येही दोन जाती आहेत. जिओभारत २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला, तो स्वस्त आहे, पण त्यात जिओचंच सिम चालतं. तुमच्या वाडीत जिओची रेंज पक्की असेल तर प्रश्नच मिटला. आमच्याकडे मागच्या पडवीत कुठलंच ४जी नीट पोचत नाही, म्हणून मी नोकियाचा, कुठलंही सिम घेणारा घेतला. ४जी सुटलं की तो २जीवर उतरतो आणि कॉल लागतो. आवाज तेवढ्यापुरता पुन्हा घोगरा होतो, मग आई स्वतःच ओट्यावर येते.

खोक्यावर नुसतं ४जी लिहिलेलं पाहून मात्र घेऊ नका, व्होल्टी आहे का ते विचारा; ४जी फोनही कॉल जुन्या नेटवर्कवरून लावू शकतो. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी बंद झालं, तेव्हा काही ४जी फोन तातडीचा ०००चा कॉल ३जीवरूनच लावतात असं आढळलं होतं, आणि असे फोन नेटवर्कवरून काढावे लागले. दुकानातच सिम घालून कॉल लावून बघा. कॉल चालू असताना वर ४जीची खूण टिकली पाहिजे.

सिम फार जुनं असेल तर तेही ४जीचं करून घ्यावं लागतं. त्याआधी सिमवरचे नंबर वहीत उतरवून घ्या, नव्या सिमवर ते आपोआप येत नाहीत. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येणार नाही. आईच्या पेन्शनच्या दिवशी हे काम काढू नका.