आमच्या सोसायटीची सीसीटीव्ही जोडणी: सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत महात्मा गांधी रोडवरच्या एका विक्रेत्याकडून आठ कॅमेरे आणि रेकॉर्डर बसवून घेतल्याला सहा महिने झाले. वायरिंग नीटनेटके आहे, रात्रीचे चित्र स्वच्छ येते आणि फाटकातून शिरणाऱ्या गाडीचा क्रमांक वाचता येतो. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या कामाबद्दल. पदाधिकाऱ्यांना मोबाइलवर चित्रण पाहता यावे म्हणून विक्रेत्याने स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्यायला लावला, राउटरमधून रेकॉर्डरपर्यंत पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून दिले, पासवर्ड मात्र कंपनीकडून आला तोच राहू दिला. एका संध्याकाळी मी घरचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तेव्हा माहितीपुस्तिकेत छापलेल्या पासवर्डने रेकॉर्डर उघडला आणि तळमजल्यावरच्या एका घराची खिडकी, शाळेच्या रिक्षाची वेळ, वॉचमनची खुर्ची केव्हा रिकामी असते, हे सारे समोर आले.

‘हा पत्ता कोणाला माहीत असणार?’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद टिकत नाही. शोदान हे शोधयंत्र २००९ पासून इंटरनेटवर उघडी राहिलेली उपकरणे धुंडाळून नोंदवत आले आहे. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कारखान्यातल्याच साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले व २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आयपी पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर मागण्यांचा मारा केला. त्यात ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास कोलमडली. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणीची अट आणली, हे चांगलेच झाले. पण चाचणीतून पार पडलेला कॅमेरासुद्धा अशा रीतीने जोडला, तर ती अट काय कामाची?

तक्रार केल्यावर चौथ्या दिवशी आलेला विक्रेत्याचा तंत्रज्ञ सौजन्याने बोलला, मात्र ‘साहेब, आम्ही सगळीकडे असेच करतो’ हे त्याचे वाक्य ऐकून मला शहरातल्या इतर सोसायट्यांची काळजी वाटली. पोर्ट आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करणे, पासवर्ड बदलणे, फर्मवेअर (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे व खिडकीचा भाग चित्रणातून झाकणे, एवढे त्याने तासाभरात केले. बाहेरून चित्रण पाहण्यासाठी आता राउटरवरचे व्हीपीएन, म्हणजे फक्त परवानगी असलेल्यांसाठीचा सांकेतिक खासगी मार्ग, वापरतो. जोडायला अर्धा मिनिट जास्त लागतो, म्हणून खजिनदार अजून कुरकुरतात.

चित्राला पाचपैकी चार गुण, जोडणीला एक. वार्षिक देखभालीचा करार या विक्रेत्याशी आम्ही पुढे चालू ठेवलेला नाही.